उघड्या देहाकडे कलेच्या नजरेनं कसं बघायचं

सुरुवात दगडापासून करा, आणि शक्यतो थंडीच्या दिवसांत. मी सांगलीत मोठ्या माणसांना चित्रकला शिकवते. नोकरी करणारे, निवृत्त झालेले, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा ब्रश हातात घेतलेल्या बायका, असा माझा वर्ग. मनुष्याकृती शिकायची म्हणून कुणी आलं की मी त्यांना आधी खिद्रापूरला घेऊन जाते. नरसोबाच्या वाडीहून कुरुंदवाडमार्गे पुढे गेलं की कृष्णेच्या काठी कोपेश्वराचं देऊळ लागतं. बाराव्या शतकातलं, काळ्या दगडातलं. लोक स्वर्गमंडपाचं ते गोल उघडं छत बघायला येतात, ते बघावंच. पण आपलं काम बाहेरच्या भिंतीपाशी आहे. तिथं सुरसुंदरी, म्हणजे देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या देखण्या स्त्रियांच्या मूर्ती, उभ्या आहेत.

थोडा वेळ तिथं नुसतं थांबलात तर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर कळते. तरुण पोरं मोबाइल काढतात, एकमेकांना ढोसतात आणि पुढं जातात. बायका पदर सावरत घाईनं बघतात. कुटुंबं असली की वडील मुलांना म्हणतात, ‘चला, आत देव आहे.’ वागणं वेगवेगळं, पण सगळ्यांचं बघणं दोन सेकंदांत आटोपलेलं असतं. छाती दिसली, कंबर दिसली, झालं. वासना असो की संकोच, दोन्ही नजरेला घाई करतात. म्हणून माझी सगळी शिकवणी एकाच गोष्टीवर उभी आहे: नजर त्या देहावर जास्त वेळ टिकली पाहिजे, आणि टिकण्यासाठी तिला काम दिलं पाहिजे.

आकर्षण वाटलंच तर काय करायचं, हे लोक मला बाजूला घेऊन विचारतात. विशेषतः पुरुष. मी सांगते, वाटू दे. आपल्या परंपरेनं ते कधी नाकारलं नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रस सांगितले, त्यात पहिला शृंगार. पण रती, म्हणजे मनातली ओढ, हा भाव आणि शृंगार, म्हणजे कलेतून मिळणारा तिचा आस्वाद, हा रस, यात अंतर ठेवलं. मधे काहीतरी घडावं लागतं. ‘ही मला हवी’ यातला ‘मला’ गळून पडावा लागतो, त्याला आपले शास्त्रकार साधारणीकरण म्हणतात. ते उपदेशानं होत नाही, मान खाली घालून तर नाहीच होत. ते नीट बघण्यानं होतं. मनात काही हललं तर हलू द्या आणि बघत राहा. दहाव्या मिनिटाला तुम्ही तिच्या घोट्याबद्दल विचार करत असता.

दगडासमोर

देऊळ पूर्वाभिमुख आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सकाळी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन अगदी घासून जातं. याच वेळी बघायचं. तिरक्या उजेडात पोटाचा उतार, खांद्याची गोलाई, बोटांमधल्या फटी सगळं सावलीनं उमटतं. दुपारी तीच मूर्ती सपाट वाटते. एकाच मूर्तीपुढं सकाळी एकदा आणि दुपारी एकदा उभे राहा. देह तोच, पण सौंदर्य उजेडाबरोबर येतं-जातं हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

मग कपडे शोधा. हो, कपडे. या मूर्ती उघड्या आहेत असं आपण धरून चालतो, पण बहुतेक सुरसुंदरी कमरेखाली नेसलेल्या असतात. वस्त्र इतकं तलम कल्पिलेलं असतं की शिल्पकारानं ते मांडीवर नुसत्या कोरीव रेषांनी दाखवलेलं असतं. कुठं घोट्यापाशी काठ बारीक उचललेला असतो, कुठं दोन पायांमधून सोगा खाली येतो, वर मेखलेच्या लडी मांडीवर लोंबतात. माझ्याबरोबर आलेल्या एक काकू पाऊण तास एका मूर्तीपुढं बसल्या होत्या. त्यांना घोट्यावरची ती केसाएवढी रेघ सापडली तेव्हा त्या ओरडल्याच, ‘अहो बाई, हिनं नेसलंय!’ त्यानंतर त्यांनी प्रत्येक मूर्तीचा काठ शोधला. लहान मूल बरोबर असेल आणि ‘हिनं कपडे का नाही घातले’ असं विचारत असेल, तर त्यालाही हेच काम द्या. मुलं आपल्यापेक्षा लवकर शोधतात.

तिसरं काम वजनाचं. ती कोणत्या पायावर उभी आहे ते ओळखा. ज्या पायावर भार आहे त्या बाजूचं नितंब वर चढतं, त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो, आणि मान पुन्हा उलटीकडे झुकते. त्रिभंग म्हणतात तो हाच. हाताच्या अंतरावर पेन्सिल ओळंब्यासारखी उभी धरा आणि एक डोळा मिटून गळ्याच्या खळगीतून खाली रेषा टाका. माणूस एका पायावर नीट तोललेला असेल तर ती रेषा भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ पडते. मूर्तीत ती कुठं पडते ते बघा. कधी कधी शिल्पकारानं कंबर इतकी बाहेर काढलेली असते की खरी बाई तशी उभी राहूच शकणार नाही. तरी मूर्ती पडत नाही, उलट डौलदार दिसते. का दिसते? वर उचललेला हात, केसांचा एका बाजूला कललेला अंबाडा, पायाशी असलेली छोटी आकृती, यांनी तोल सांभाळलेला असतो. हे कळलं की तुम्ही शिल्पकाराचं डोकं वाचायला लागलात.

छातीबद्दलही सरळ बोलते, कारण लोक तिथंच अडतात. ते स्तन कुणा एका बाईला समोर बसवून घडवलेले नाहीत. आपल्या शिल्पपरंपरेत देहाचे भाग ठरलेल्या उपमानांवरून घडतात: धड डमरूसारखं मधे निमुळतं, मांडी केळीच्या खांबासारखी, खांदे हत्तीच्या गंडस्थळासारखे, डोळा मासोळीसारखा किंवा कमळाच्या पाकळीसारखा. गोलाकाराला गोलाकार उत्तर देतो. छातीची गोलाई, कानातलं कुंडल, अंबाडा, मागचा लता-वेलीचा कमान-आकार, हे चारही एकदम बघा. एका मूर्तीत किती वर्तुळं आहेत ते वहीत नुसती वर्तुळंच काढून मोजा. चेहरा-बिहरा काही काढू नका.

आणि ती काय करतेय ते विचारा. सुरसुंदरी नुसत्या उभ्या नसतात. दर्पणा आरशात बघतेय, पत्रलेखा पत्र लिहितेय, नूपुरपादिका पाय उचलून पैंजण बांधतेय, पुत्रवल्लभेच्या कडेवर मूल आहे, कुणाच्या पायाला माकड लोंबकळतंय आणि ती त्याला हाकलतेय. महाराष्ट्रातल्या सुरसुंदरींवर डॉ. गो. बं. देगलूरकरांनी आयुष्यभर अभ्यास करून लिहिलंय, ते वाचून गेलात तर नावं पटापट ओळखू येतात. पत्रलेखेसमोर उभं राहिलं की मला तिच्या बोटांशिवाय दुसरं काही दिसत नाही. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या दगडातली बाई लेखणी धरून उभी आहे! जी बाई स्वतःच्या कामात गढलेली आहे तिच्याकडे वखवखून बघणं आपोआप अवघड होतं.

अनेक मूर्तींचे हात तुटलेत, चेहरे झिजलेत. त्यांना टाळू नका. तुटक्या मूर्तीत धडाची रेषा जास्त स्पष्ट कळते.

अर्धा देह, अर्धा देह

मुंबईकडच्या लोकांना मी घारापुरीला जायला सांगते. गेटवेहून लाँचनं तासाभराचा प्रवास, सोमवारी लेणी बंद. मोठ्या त्रिमूर्तीच्या शेजारीच अर्धनारीश्वराचा पट आहे, सहाव्या शतकातला. स्त्रीदेहाचं सौंदर्य नेमकं कशात आहे हे शिकायला याच्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही, कारण इथं तुलना एकाच शरीरात करून ठेवलीय.

समोर उभे राहा आणि डाव्या हातानं आपल्या दृष्टीसमोरचा अर्धा भाग झाका. आता दिसतो तो फक्त पार्वतीचा भाग. आपल्या उजवीकडचा, म्हणजे मूर्तीचा डावा. छाती आहेच, पण तिच्यावर थांबू नका. खांद्यापासून कमरेपर्यंत येणारी रेषा कशी आत वळते आणि नितंबाशी कशी सैल सुटते ते बघा. मागच्या हातात आरसा आहे. आता हात दुसऱ्या बाजूला धरा. शिवाच्या बाजूची रेषा ताठ उतरते, खांदा रुंद आहे, पुढचा हात नंदीवर टेकलाय. मग हात काढा आणि पूर्ण मूर्ती बघा. दोन वेगळे स्वभाव एका कण्यावर जोडलेत आणि कुठंही सांधा दिसत नाही. माझ्या मते भारतीय शिल्पात स्त्रीदेहाचा इतका आदर दुसरीकडे क्वचितच दिसतो. तो देह इथं कुणासाठी मांडलेला नाही, तो देवाचाच अर्धा भाग आहे.

रंगांतलं

अजिंठ्याला सतराव्या लेण्यात प्रसाधनाचं चित्र आहे. पाचव्या शतकातलं. राणी आरशात बघतेय, भोवती सेविका आहेत. अंगावर जवळजवळ फक्त दागिने आणि पारदर्शक वस्त्र. तिथं उजेड मंद असतो, फ्लॅश वापरायला बंदी आहे, तेव्हा डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. मग रेषेवर लक्ष ठेवा. अंगाभोवतीची ती गेरूची रेषा सगळीकडे सारखी जाड नाही. जिथं मांस वळतं तिथं ती भरते, जिथं हाड वर येतं तिथं बारीक होते. एका रेषेत एवढी माहिती भरलेली आहे. जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सनी 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन इथं वर्षानुवर्षं नकला करवून घेतल्या, त्या उगाच नव्हे. तुम्हीही एक काम करा: नंतर घरी चांगल्या छापील चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून ती एकच रेषा, कानापासून टाचेपर्यंत, न थांबता काढा. हाताला जे कळतं ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

अजिंठ्यानंतर अमृता शेरगिल बघा, मुद्दाम. पॅरिसमध्ये शिकत असताना विशीतल्या या मुलीनं 1933 मध्ये ‘प्रोफेशनल मॉडेल’ हे चित्र काढलं. त्यातला देह थकलेला, ओघळलेला, परिस्थितीनं दमवलेला आहे. त्यात भुलवणारं काही नाही, आणि तरी ते चित्र सोडवत नाही. पुढच्याच वर्षी तिनं स्वतःला ताहितीतल्या बाईसारखं, कमरेवर उघडं रंगवलं. चेहरा आपल्याकडे बघत नाही, मागं भिंतीवर एका पुरुषाची सावली आहे. त्या सावलीकडे माझं नेहमी लक्ष जातं. बघणाऱ्याचं अस्तित्व तिनं चित्रातच आणून ठेवलं. कुठलंही नग्नचित्र बघताना हा प्रश्न विचारायची सवय लावा: या बाईला माहीत आहे का की तिच्याकडे कुणी बघतंय? आणि माहीत असेल तर तिला ते कसं वाटतंय? ज्या चित्राकडे या प्रश्नाचं उत्तरच नसतं, जिथं बाई फक्त वस्तू म्हणून पसरलेली असते, ते मला कितीही कौशल्यानं काढलेलं असलं तरी आवडत नाही. तेही ओळखता आलं पाहिजे. कलेच्या नावाखाली सगळंच गोड मानायची गरज नाही.

कायद्याची भीती बऱ्याच जणांच्या मनात असते म्हणून थोडक्यात. 1954 मध्ये चित्रकार अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’ या चित्रांवरून जहांगीर आर्ट गॅलरीत पोलीस आले, पदमसींनी चित्रं उतरवायला नकार दिला, खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर 2024 मध्ये, कस्टम्सनं अश्लील म्हणून जप्त केलेली चित्रकार एफ. एन. सूझा आणि पदमसी यांची सात चित्रं परत द्यायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं दिला. नग्नता दिसली की अश्लीलता झाली असं समीकरण मांडता येत नाही, हे न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं.

जिवंत माणूस समोर असताना

दगड आणि रंग झाल्यावरच लाइफ क्लासला बसा. जे.जे.मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1919 नंतर, नग्न मॉडेलवरून अभ्यास रुजला. आज अनेक ठिकाणी खासगी वर्गही भरतात. आमच्याकडे नियम कडक आहेत. अठरा वर्षांखालच्या कुणालाही प्रवेश नाही. मोबाइल दाराबाहेरच्या टोपलीत. कपडे बदलायला आडोसा, विश्रांतीत अंगावर घ्यायला गाऊन, थंडीत हीटर. वीस मिनिटांनी सुट्टी, मग कुणाचं चित्र कुठंही असो. पावलांच्या जागेवर खडूच्या खुणा, म्हणजे सुट्टीनंतर पुन्हा तीच पोझ घेताना कुणाला हात लावून सांगावं लागत नाही. हात लावायचाच नाही. बदल हवा असेल तर तोंडानं सांगायचा, आणि तो मीच सांगते. मॉडेलचे पैसे आधी ठरलेले आणि त्याच दिवशी हातात.

आमच्याकडे ज्या बाई पोझ देतात त्यांना सगळा वर्ग मावशी म्हणतो. आल्यावर त्यांना चहा विचारायचा, नाव घेऊन नमस्कार करायचा, मग काम. नवीन विद्यार्थी पहिल्या पोझला कागदाकडेच बघत बसतात. म्हणून मी सुरुवात एक-एक मिनिटाच्या पोझनं करते. न्यूजप्रिंट आणि चारकोल, पूर्ण हात खांद्यापासून फिरवून. एका मिनिटात पाठीचा बाक आणि भार घेतलेला पाय, एवढंच जमतं. लाजायला वेळच उरत नाही. मग पाच मिनिटं, मग वीस.

वीस मिनिटांच्या पोझला एकच दिवा ठेवा, बाजूनं. बाह्यरेषा आधी काढू नका. मावशींच्या आजूबाजूची मोकळी जागा काढा: हात आणि कमरेमधला त्रिकोण, दोन पायांमधली फट. त्या जागा बरोबर आल्या की देह आपोआप बरोबर येतो. मग सावलीचा सर्वांत गडद पट्टा शोधा. तो कडेला नसतो, थोडा आत असतो, आणि कडेला पुन्हा मंद उजेड परावर्तित होतो. तो मंद उजेड सापडला की कागदावर पाठ गोल होते.

मावशींच्या कमरेवर परकराच्या नाडीचा वळ असतो. बरेच विद्यार्थी तो गाळतात, पाठ गुळगुळीत करून टाकतात. मी तो काढायला लावते. पोटावरच्या बाळंतपणाच्या रेषाही. एकदा लांब पोझ चालू असताना त्या न हलता म्हणाल्या, ‘बाई, उजवा गुडघा पेटलाय, दोन मिनिटं टेकू द्या.’ सगळे थांबले. सुट्टीनंतर जी चित्रं झाली त्यांत जवळपास प्रत्येकानं तो गुडघा मन लावून काढला होता. ताणलेला, वाटीच्या वरचा स्नायू घट्ट झालेला. तोवर तो कुणाला दिसलाच नव्हता. त्या दिवसापासून मी प्रत्येक पोझआधी वर्गाला स्वतः ती पोझ घेऊन उभं राहायला सांगते, कपड्यांत, दोन मिनिटं. कुठं दुखतं ते कळतं आणि मग काय बघायचं ते कळतं.

चित्रं झाल्यावर मावशींना दाखवा. त्यांना आवडलं नाही तर ऐकून घ्या. प्रदर्शनात लावायचं किंवा फेसबुकवर टाकायचं असेल तर विचारून, आणि चेहरा ओळखू येत असेल तर दोनदा विचारून.

ज्यांना लाइफ क्लास मिळत नाही, त्यांच्यासाठी आरसा आहे. हे मी विशेषतः बायकांना सांगते, कारण आमच्यातल्या बहुतेकींनी स्वतःचं अंग आरशात पूर्ण, सलग असं कधी बघितलेलं नसतं. बघतो ते वजन वाढलं का, पोट सुटलं का, एवढंच. दार आतून लावा, मोबाइल बाहेर ठेवा, एकच दिवा बाजूला. आधी फक्त खांदा आणि मानेची जागा काढा. दुसऱ्या दिवशी पाठ, दोन आरसे लावून. मग बसलेल्या अवस्थेत पोटाच्या वळ्या, त्या काढायला फार सुंदर असतात, प्रत्येक वळीला स्वतःची सावली असते. सिझेरियनचा व्रण असेल तर तोही, त्याच्या कडेची कातडी थोडी चमकते, तिथं कागद कोरा सोडा. मागच्या बाजूला तारीख घाला आणि कपाटात ठेवा. कुणाला दाखवायचं की नाही, हे सहा महिन्यांनी ठरवा.